तुळसाच्या लेकीची कुंची

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात मुलगा झाला की हलगी वाजायची, दारोदार साखर वाटली जायची, आणि बाळाचा बाप चार दिवस जमिनीवरून वीतभर उंच चालायचा. मुलगी झाली की यातलं काहीच व्हायचं नाही. सुईण मागल्या दारानं बाहेर पडायची, पदराला हात पुसत सरळ एका घरापाशी यायची आणि ओट्यावर बसलेल्या बाईला म्हणायची, "काढ गं कात्री. आली एक."

त्या घरातली बाई कुंच्या शिवायची.

कुंची म्हणजे तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून पाठीपर्यंत येणारी टोपी. हनुवटीखाली नाडी, वर गोंडा. वरून खणाचं कापड आणि आतून जुनेर, म्हणजे वापरून वापरून लोण्यासारखं मऊ झालेलं लुगडं. हे जुनेर बाळाच्या आजोळचं असायचं, आईच्या आईचं. बाळ जन्माला यायच्या आत त्याच्यासाठी टाकासुद्धा घालायचा नाही, असा तिकडचा रिवाज होता. त्यामुळे कात्री चालायची ती सुईण येऊन गेल्यावरच, आणि कुंची बाळाच्या घरी पोचायची ती बाराव्या दिवशी, बारशाला. ही बाई ती स्वतः घेऊन जायची. दारातूनच म्हणायची, "कुठाय आमची पाहुणी?" आणि बाळाच्या डोक्यावर कुंची घालून नाडी बांधायची.

याचा मोबदला ती घेत नसे. कारण एवढंच, की ती स्वतः जन्मली तेव्हा तिच्या बारशाला कुणी साधं टोपरंसुद्धा आणलं नव्हतं. आईनं आपल्या फाटक्या पदरानं तिचं डोकं झाकलं होतं. ही गोष्ट तिनं आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकली होती, की हातात सुई धरता आली त्याच दिवशी तिनं ठरवलं, माझ्या गावात उघड्या डोक्यानं एकही पोरगी पाळण्यात जाणार नाही.

आणि गेली नाही. पाटलाची नात असो की कुंभाराची लेक, कुंची ठरलेली. हळूहळू गावात असं झालं, की कुंची आली म्हणजे मुलगी मोजली गेली. नाकं मुरडणारी आजीसुद्धा कुंची घातलेलं ते गाठोडं मांडीवर घेऊन म्हणायची, "बाई बाई, कशी दिसते बघा!"

गाव तिला कुंचीमावशी म्हणायचं. तिचं खरं नाव भागीरथी होतं, पण ते लोक विसरून गेले होते. तिला 'भागे' म्हणून हाक मारणारं एकच माणूस गावात उरलं होतं, ते म्हणजे तुळसा. दोघी एकाच गावच्या लेकी, एकाच मांडवात लग्न लागून या गावात आलेल्या. भागीरथीचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. तुळसाचा संसार भरलेला होता, पण चौदा वर्षं तिच्याही घरात पाळणा हलला नव्हता. तुळसाची सासू तोंडाची तिखट. ती सुनेला टोमणे मारायची आणि तुळसा चार घरं ओलांडून भागीरथीच्या ओट्यावर येऊन बसायची. एक शिवायची, दुसरी सुईत दोरा ओवून द्यायची. तुळसाला स्वतःला शिवण अजिबात येत नसे. तिनं लावलेलं बटण धुण्याच्या पहिल्याच पाण्यात वाहून जायचं.

आणि मग पंधराव्या वर्षी, दसरा चार दिवसांवर आलेला असताना, सुईण धावत आली.

"काढ गं कात्री!" ती म्हणाली. "तुळसाला पोरगी झाली."

भागीरथीच्या हातून कात्री खाली पडली. ती ओट्यावरच बसून रडली, मग हसली, मग तोंड धुऊन तुळसाच्या घरी गेली. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी सासू बसली होती. "चौदा वर्षं वाट पाहायला लावली," सासू म्हणाली, "आणि दिली काय, तर पोरगी."

आत तुळसा बाळाला कुशीत घेऊन पडली होती. तिनं उशाखालून एक लुगडं काढलं. हिरवं, तांबड्या काठाचं, धुऊन धुऊन पातळ झालेलं. भागीरथीनं ते लगेच ओळखलं. ते तुळसाच्या आईचं होतं. ती माउली जाऊन सहा वर्षं झाली होती. या लुगड्याच्या पदराला दोघींनी लहानपणी कितीदा तरी जेवून हात पुसले होते.

"आईचं हे एवढंच उरलंय," तुळसा म्हणाली. "अर्धं फाडून ने जुनेराला. अर्धं राहू दे माझ्याजवळ, आठवणीला. आणि भागे, सासूबाई काय बोलतात ते ऐकलंस ना? बारशाला तू कुंची घेऊन दारात उभी राहा. बाकी मला काही नको. त्यांच्या तोंडाला तेवढंच कुलूप पुरे."

"अगं, हे काय सांगायला हवं?" भागीरथी म्हणाली. तिनं आपल्या वितीनं बाळाच्या डोक्याचं माप घेतलं. एक वीत आणि दोन बोटं. घरी आली आणि कापड बेतायला बसली.

तिसऱ्या दिवशी कुंची तयार झाली. खणाची, तुळसाच्या आईचं जुनेर आत लावलेली, लाल गोंड्याची. इतर पोरींना दिली तशीच, नेटकी, मऊ, डोळ्यांत भरेल अशी. भागीरथीनं ती हातावर घेऊन फिरवून पाहिली आणि तिच्या मनात आलं, ही तर सगळ्यांसारखीच झाली.

झालं! इथेच माशी शिंकली.

चौदा वर्षांनी झालेल्या लेकीला, जिवाच्या मैत्रिणीच्या लेकीला, कुंभाराच्या पोरीला दिली तसलीच कुंची द्यायची? लोक काय म्हणतील? तुळसा काय म्हणेल? तुळसा काय म्हणेल ते तुळसानं आधीच सांगितलं होतं, पण माणूस एकदा स्वतःशीच बोलायला लागलं, की दुसऱ्याचं बोलणं त्याला ऐकू येत नाही. भागीरथीनं ती कुंची पेटीत ठेवली. तालुक्याच्या बाजारातून रेशीम मागवलं. त्यावर राघू काढायचे, मोत्यांची झालर लावायची, असा बेत केला. सात दिवस ती मान मोडून बसली. पण रेशमावरचं काम काही खणावरचं नव्हे. बारशाच्या सकाळी दोन राघू झाले होते, दहा बाकी होते.

त्या सकाळी तिनं पेटी उघडली. साधी कुंची वरच होती. तिनं ती उचलली. दारापर्यंत आली. उंबऱ्यात उभी राहून तिनं विचार केला. हीच नेऊ? आत्ता ही घालू, रेशमाची मागाहून देऊ? म्हणजे आधी साधी दिली असंच ना सगळे म्हणणार? मग रेशमाची काय नवलाई राहिली?

ती परत फिरली. कुंची पेटीत गेली. ती तशीच, रिकाम्या हातानं बारशाला गेली आणि बायकांच्या मागे, अगदी भिंतीला टेकून बसली.

बाळाचं नाव शेवंती ठेवलं. परसात शेवंती फुलली होती म्हणून. पाळण्यात घालायची वेळ झाली तेव्हा तुळसानं दाराकडे पाहिलं, मग बायकांत शोधलं. दोघींची नजर भेटली. भागीरथीनं खुणेनंच सांगितलं, थांब, होतेय.

सासू मोठ्यानं म्हणाली, "गावातल्या एकेका पोरीला कुंची आली. हिला ती कुंचीवालीसुद्धा विसरली म्हणायची!"

बायका हसल्या. वाईट मनानं नव्हे, पण हसल्या. तुळसानं आपल्या पदरानं लेकीचं डोकं झाकलं आणि तिला पाळण्यात ठेवलं.

भागीरथीला हे दिसलं नाही का? दिसलं. आपल्या आईची गोष्ट तिला आठवली नाही का? आठवली असती, पण तिच्या डोक्यात तेव्हा दुसरंच चाललं होतं. नाव शेवंती, म्हणजे आता राघू उसवून शेवंतीची फुलं काढायला हवीत!

बायका पांगल्यावर तुळसा म्हणाली, "भागे, साधी असती तरी चाललं असतं गं."

"साधी सगळ्यांना," भागीरथी म्हणाली. "तुझ्या लेकीला नाही. संक्रांतीला बोरनहाण आहे ना, त्याला घालशील. सासूबाईंचे डोळे दिपतील बघ."

"तुझ्यावर सोडलं," तुळसा म्हणाली.

चार दिवसांनी धनगरवाड्यात मुलगी झाली. तिच्या आईला माहेर नव्हतं, तेव्हा आजोळचं जुनेर कुठून आणणार? भागीरथीला वाटलं, एक कुंची पेटीत तयार पडलीय. तुळसाच्या लेकीला तर आता रेशमाचंच अस्तर लागणार. तिनं ती साधी कुंची उचलली आणि धनगराच्या पोरीला घालून आली. वाटेत तिला स्वतःचं कौतुकही वाटलं, की कशी हातासरशी सोय झाली.

रेशमाच्या कुंचीचं काम मग सुरूच राहिलं. गावात बोलबाला झाला. बायका पाण्याला जाताना ओट्याशी थांबायच्या, "दाखव की मावशी, कुठवर आलं?" भागीरथी कापड उलगडायची. "अगंबाई! फूल आहे की खरंच उमललंय!" म्हणत बायका पुढे जायच्या. मग भागीरथीला वाटायचं, या पाकळीत अजून एक छटा हवी. ती पाकळी उसवायची. खरं सांगायचं तर कुंची पुरी होऊ नये असंच तिच्या मनाच्या एका कोपऱ्याला वाटत होतं. पुरी झालेल्या कामाचं कौतुक एक दिवस होतं. अपुऱ्याचं रोज.

संक्रांत आली. देवळाच्या अंगणात सगळ्या तान्ह्या पोरी आयांच्या मांडीवर ओळीनं बसवल्या. काळी झबली, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावर कुंच्या, कारण बोरनहाणात बोरं आणि उसाचे करवे डोक्यावरून ओततात, बाळाला लागू नये. शेवंती तेवढी उघड्या डोक्यानं बसली. भागीरथीची बारापैकी पाच फुलं झाली होती. बोरं ओतली तशी एक टपोरं बोर शेवंतीच्या कपाळावर बसलं आणि ती कळवळून रडू लागली.

तुळसानं तिला उचललं. शेजारी धनगराची लेक हसत होती. तिची कुंची मागे सरकली होती, आतली बाजू उलटली होती. तुळसा ती सारखी करायला वाकली आणि तिचा हात तिथंच थांबला. बराच वेळ ती त्या अस्तरावरून बोटं फिरवत राहिली. हिरवं, तांबड्या काठाचं.

समोर उभ्या असलेल्या भागीरथीला वाटलं, तुळसा माझे टाके बघतेय. ती मनातून सुखावली. आता याला काय म्हणावं!

तुळसानं त्या पोरीची नाडी नीट बांधली, आपली लेक उराशी घेतली आणि घरी गेली. त्या दिवसानंतर तिनं कुंचीबद्दल एकदाही विचारलं नाही. ओट्यावर दोरा ओवायलाही आली नाही.

सुरुवातीला भागीरथीला वाटलं, लेकुरवाळी झाली, वेळ मिळत नसेल. मग वाटलं, रुसली असेल, कुंची पाहिली की हसेल. रिकाम्या हातानं तिच्या दारात जायला तिला लाज वाटू लागली, म्हणून ती विहिरीला लांबच्या वाटेनं जाऊ लागली. एक महिना गेला, मग एक वर्ष. चार घरांवरची मैत्रीण जणू परगावची झाली. गावातल्या बाकी पोरींना कुंच्या वेळेवर मिळतच होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

एका दसऱ्याला अखेर बारावं फूल पुरं झालं. मोत्यांची झालर लागली, जरीचा गोंडा लागला. भागीरथीनं कुंची स्वच्छ फडक्यात बांधली, चांगलं लुगडं नेसली आणि किती वर्षांनी कोण जाणे, जवळच्या वाटेनं तुळसाच्या घरी निघाली.

दार एका मुलीनं उघडलं. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, कडीपर्यंत हात पोचणारी.

भागीरथी तिच्याकडे बघतच राहिली. एक वीत आणि दोन बोटं. तिच्या हातांना तेच माप पाठ होतं. इतकी वर्षं ती त्याच मापावर फुलं काढत बसली होती.

"आई, कुणीतरी आजी आल्यात," मुलगी आत वळून म्हणाली.

तुळसा बाहेर आली. पदर सारखा करून म्हणाली, "या कुंचीमावशी. बसा."

भागीरथीला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच घरी आलो. सासू थकून कोपऱ्यात पडली होती. तुळसानं पाण्याचा तांब्या ठेवला, वर गुळाचा खडा. पाहुण्यांना देतात तसा.

भागीरथीनं फडकं सोडलं. खोलीत उजेड पडावा तशी ती कुंची होती. शेवंतीनं आनंदानं टाळ्या वाजवल्या. "केवढी छान! माझ्या बाहुलीला आणलीत?"

उत्तराची वाट न बघताच मुलीनं धावत जाऊन चिंध्यांची बाहुली आणली, तिच्या डोक्यावर ती रेशमी कुंची घातली आणि नाडी बांधली. नेमकी बसली.

"सुरेख झालीय," तुळसा म्हणाली. "हात तुमचाच."

"माझीपण होती एक," शेवंती म्हणाली. "थांबा, दाखवते." तिनं खुंटीवरची पिशवी काढली, त्यातून एक कुंची बाहेर काढून भागीरथीच्या मांडीवर ठेवली. "आईनं शिवलीय. मावशीला वेळ नव्हता ना तेव्हा."

भागीरथीनं ती हातात घेतली. हिरवं, तांबड्या काठाचं लुगडं, आतूनही तेच, बाहेरूनही तेच. आठवणीला ठेवलेलं उरलेलं अर्धं. टाके कुठे बोटभर लांब, कुठे एकावर एक चढलेले. एक बाजू आखूड. काठाशी तपकिरी ठिपके होते, सुई टोचलेल्या बोटांचे. जिला बटण लावता येत नव्हतं तिनं हे शिवलं होतं. आणि कुंची आतून इतकी मळली होती, झिजली होती, की रोज, अगदी रोज ती कुणाच्या तरी डोक्यावर होती हे सांगावं लागत नव्हतं.

मावशीला वेळ नव्हता. गावातल्या कुठल्याच पोरीच्या कुंचीवर भागीरथीनं एवढा वेळ घातला नव्हता. ते आता कुणाला सांगणार? आणि तिला त्या क्षणी धनगराची लेक आठवली, उलटलेलं अस्तर आठवलं, त्यावरून फिरणारी तुळसाची बोटं आठवली.

"तुळसे," ती म्हणाली, "आईचं लुगडं मी दुसऱ्याला देऊन टाकलं गं. मला कळलंसुद्धा नाही. चुकलं माझं."

"त्या लेकराला ऊब मिळाली. आईला चाललं असतं," तुळसा म्हणाली. मग म्हणाली, "मला रेशीम नको होतं. बारशाच्या दिवशी तुम्ही दारात उभ्या राहायला हव्या होतात. नुसतं फडकं घेऊन आल्या असतात, तरी पोरीला कुणीतरी मोजलं असतं."

"मला 'तुम्ही' कशाला म्हणतेस? भागे म्हण गं मला. एकदा म्हण."

तुळसानं तोंड उघडलं, मिटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही येत आता जिभेवर," ती म्हणाली.

भागीरथी उठली. उंबऱ्यापर्यंत ती पोचली तेव्हा तुळसानं मागून हाक मारली. हातात ती जुनी, वेडीवाकडी कुंची होती.

"हिची नाडी तुटलीय. पोरीला लग्नापर्यंत जपायचीय. लावून देता?"

"देते की! घरी नेते, काठाला गोट लावते, टाके सगळे सारखे करून..."

"नको," तुळसा म्हणाली. "घरी नेऊ नका. इथंच बसा आणि आत्ता लावून द्या. आणि टाके माझे तसेच राहू द्या."

भागीरथी उंबऱ्याशीच बसली. कमरेच्या बटव्यातून सुई काढली, साधा पांढरा दोरा काढला. डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं, सुईचं नाक दिसत नव्हतं. तीनदा दोरा चुकला. मग तुळसा शेजारी बसली, तिच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला आणि सुई परत दिली.

चार टाके पडले. नाडी बसली. तेवढंच काम होतं.

पुढे भागीरथी खूप वर्षं जगली. कुंच्याही शिवत राहिली, खणाच्या, साध्या. सुईण येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी कुंची तयार, आणि बाराव्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी दारात उभी. कुणी म्हणालं, "मावशी, आमच्या पोरीला तसली रेशमाची करा की," तर ती मान हलवायची. वाटेत कधी शेवंती भेटायची, तिच्या काखेतल्या बाहुलीच्या डोक्यावर ती कुंची असायची, फुलं विटलेली, निम्मे मोती गळलेले. भागीरथी खाली बघून पुढे जायची. तुळसा तिच्याशी कधी वाईट वागली नाही. सणाला ताट पाठवायची, आजारात विचारपूस करायची. पण 'भागे' ही हाक त्या गावात पुन्हा कुणाच्या तोंडून निघाली नाही.

या गोष्टीचं तात्पर्य हातात सुई नसलेल्यांनीही घ्यावं असं आहे: मायेच्या माणसाला द्यायचं ते साधं असलं तरी वेळेवर द्यावं. आपण भेट सजवत बसतो, आणि तिची वाट पाहणारं डोकं तेवढ्यात मोठं होऊन जातं.